संघ बुडूं लागला म्हणजे

हरत चाललेल्या पक्षाचा सेनापति बदलला म्हणजे त्या पक्षाच्या गोटांत निदान एक रात्र तरी उत्साहाची जाते. भारतीय युद्धांत कौरवांकडे हें पुनःपुन्हां घडलें. भीष्मांनीं दहा दिवस सैन्य चालविलें, द्रोणाचार्यांनीं पांच, कर्णाच्या वांट्यास दोन आले आणि शल्यास तर एक दिवसहि पुरता मिळाला नाहीं. प्रत्येक अभिषेकाच्या वेळीं दुर्योधनास वाटलें कीं, आतां पांडव संपले. भीष्म, द्रोण व कर्ण यांसारखे वीर पडल्यावर शल्य जय मिळवून देईल ही आशा कोणत्या बळावर धरावयाची, असा प्रश्न वर्गांत मुलें विचारीत व आम्हीहि त्यांच्याबरोबर हंसत असूं. पुढें २०१७ सालीं आमच्याच घरांत एका तरुणाच्या तोंडावर नेमकी तीच आशा दिसली, तेव्हां मात्र आम्हांस हंसूं आलें नाहीं. ती आशा खुळी होती काय, आणि असेल तर तिच्यांतला खुळेपणा नेमका कोठें होता, हें त्यानंतर पुष्कळ दिवस आमच्या मनांत घोळत राहिलें.

तो तरुण म्हणजे आमचा पुतण्या, आणि बुडूं लागलेला पक्ष म्हणजे ‘मुंबई एफ. सी.’ हा फुटबॉलचा क्लब. ज्या घरांत क्रिकेटचे आंकडे पाठ म्हटले जातात, पण फुटबॉलविषयीं ‘बावीस जण एका चेंडूमागें धांवतात’ एवढीच माहिती असते, त्या घरांतील वडील मंडळींसाठीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. हा क्लब २००७ सालीं एस्सेल उद्योगसमूहानें काढला. पहिले प्रशिक्षक डेव्हिड बूथ हे इंग्रज गृहस्थ. २००८ सालीं दुसऱ्या श्रेणींतून वर चढून क्लब देशांतील पहिल्या श्रेणीच्या स्पर्धेंत, म्हणजे आय-लीगमध्यें, दाखल झाला. २००९ सालीं त्याची सूत्रें खालिद जमील या तरुण माणसाकडे आलीं. जमील यांचा जन्म कुवेतमधला, परंतु खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द महिंद्र युनायटेड, एअर इंडिया व शेवटीं मुंबई एफ. सी. अशी मुंबईंतच गेली. खेळणें संपतांच त्यांनीं शिकविणें हातीं घेतलें, आणि तें त्या एकाच क्लबांत तब्बल सात हंगाम चाललें.

सात हंगामांत मुंबई एफ. सी. नें राष्ट्रीय विजेतेपद एकदांहि मिळविलें नाहीं. क्लब श्रीमंत नव्हता. मैदान मुंबईंतलें कूपरेज; तेंहि दुरुस्तीस निघालें तेव्हां ‘घरचे’ सामने पुण्यास बालेवाडीला खेळावे लागत. अशा स्थितींत जमील यांनीं जी विद्या शिकविली ती मुख्यतः न हरण्याची. बचाव बळकट ठेवावयाचा, प्रतिपक्षास जागा द्यावयाची नाहीं, एखादा गोल साधला तर तो जिवापाड जपावयाचा. जाणते लोक या खेळास कंटाळवाणा म्हणत. परंतु क्लब दरवर्षीं पहिल्या श्रेणींत टिकून राही, व कूपरेजच्या सज्जांत पिवळे सदरे घालून बसणारीं मुलें पुढील वर्षीं पुन्हां येत. आमचा पुतण्या त्यांपैकींच एक.

तो रबाळ्याहून कूपरेजपर्यंत जाई, यांतलें कष्ट मुंबईबाहेरच्या वाचकांच्या ध्यानांत येणार नाहींत. ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ऐरोलीच्या पुढचें स्टेशन रबाळे. एका अंगास औद्योगिक वसाहतीचे कारखाने व त्यांच्यामागें डोंगर, दुसऱ्या अंगास जुनीं आगरी-कोळी गांवें, त्यांना खेटून उठलेल्या इमारती व पलीकडे खाडी. सामन्याच्या दिवशीं येथून ठाण्यास उलटें जावयाचें, तेथें गाडी बदलून बोरीबंदर गांठावयाचें, मग फोर्टांतून चालत मैदान. परततांना लटकत यावयाचें. त्याची आई म्हणे, “एवढे हेलपाटे घालून हरतांना पाहावयास कशाला जातोस?” त्यावर त्याचें उत्तर ठरलेलें असे: “आपलाच संघ आहे ना!”

या ‘आपला’ शब्दावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आमच्या इमारतींत साताऱ्याचें एक कुटुंब आहे, रत्नागिरीचीं दोन, एक खानदेशांतलें, एक कारवारकडचें. वडील मंडळींस कोणी गांव विचारलें तर तीं मूळ गांवाचें नांव सांगतात. येथें जन्मलेल्या मुलास तें गांव म्हणजे मे महिन्यांतले पंधरा दिवस. त्याला ‘आमचें’ म्हणावयास कांहींतरी हवें असतें. पुण्याच्या किंवा वाईच्या मुलास हें आपसूक मिळतें. घाट, पार, पेठेचा गणपति हीं त्याची वाटच पाहत असतात. नव्या वसाहतींतील मुलानें तें कोठून आणावें? पुतण्यानें व त्याच्या दोघां मित्रांनीं तें एका पिवळ्या सदऱ्यांत शोधलें. म्हणून क्लब बुडूं लागला तेव्हां घरांत जो सुतकी कळा पसरली, ती पोरकट नव्हती.

बुडणें म्हणजे काय, हेंहि सांगितलें पाहिजे. २०१६-१७ च्या आय-लीगमध्यें दहा क्लब होते. प्रत्येकानें इतर नवांशीं दोन दोन सामने खेळावयाचे, म्हणजे एकूण अठरा. विजयास तीन गुण, बरोबरीस एक. अखेरीस जो तळाशीं राहील तो खालच्या श्रेणींत जावयाचा. क्रिकेटमध्यें मुंबईचा संघ कितीहि हरला तरी पुढील वर्षीं रणजी करंडकाला असतोच. फुटबॉलमध्यें तसा भरंवसा नाहीं. हरणाऱ्याच्या पायाखालची पायरीच काढून घेतली जाते. त्या हंगामापूर्वीं जमील मुंबई एफ. सी. तून बाहेर पडले होते. त्यांच्या जागीं संतोष कश्यप हे अनुभवी प्रशिक्षक आले. कांहीं दिवस बरे गेले, मग विजय मिळेनासा झाला, आणि हंगामाच्या उत्तरार्धांत त्यांच्या जागीं ऑस्कर ब्रुझॉन या स्पॅनिश प्रशिक्षकाची नेमणूक झाली. ते पूर्वीं गोव्याच्या स्पोर्टिंग क्लबाकडे होते.

ही बातमी आली त्या रात्रीं पुतण्या व त्याचे मित्र आमच्या गच्चीवर जमले होते. आम्हीहि वर गेलों होतों. प्रत्येकजण नव्या प्रशिक्षकाकडून काय काय होईल तें सांगत होता. एक म्हणाला, आतां तरुण खेळाडूंस संधि मिळेल. दुसरा म्हणाला, आतां संघ पुढें येऊन खेळेल, मागें दडून बसणार नाहीं. तिसऱ्यास वाटत होतें कीं, परका माणूस कोणाची भीड धरणार नाहीं. ऐकतां ऐकतां आमच्या लक्षांत आलें कीं, यांत नव्या माणसाविषयीं एक अक्षरहि नाहीं. जुन्याविषयींच्या ज्या तक्रारी, त्यांनाच उलटें करून आशा म्हणून मांडलें जात होतें. ज्याविषयीं आपणांस कांहींच ठाऊक नसतें त्याच्या ठिकाणीं सर्व गुण मावतात. स्थळें पाहणाऱ्या आईबापांस हें निराळें सांगावयास नको.

आम्हीं विचारलें, “अरे, पण खेळाडू तेच ना?”

“काका, खेळाडू तेच. पण मन बदलेल ना त्यांचें.”

हें उत्तर अगदींच टाकाऊ नाहीं. प्रशिक्षक पांचसहा आठवड्यांत काय करूं शकतो? कोणी खेळावें व कोणी बसावें हें तो ठरवितो. एखाद्यास डावीकडून उजवीकडे नेतो. कोपऱ्यावरून चेंडू येईल तेव्हां कोणीं कोणास अडवावयाचें, याची घटवणूक करून घेतो. ज्यांस पूर्वींचा प्रशिक्षक विचारीत नसे ते नव्यापुढें जीव तोडून धांवतात, व ज्यांची जागा पक्की होती तेहि ती जाईल या धास्तीनें सरसावतात. पण धांवण्याची जी शक्ति हंगामापूर्वींच्या दोन महिन्यांत कमवावयाची असते, ती मध्येंच आणतां येत नाहीं. नवीन खेळाडू घ्यावयाचे तर त्याची मुदत ठरलेली असते. आणि दहा वर्षांचीं मुलें हातीं धरून विशीपर्यंत घडविणें हें तर महिन्यांचें कामच नव्हे.

शाळेंतला आमचा अनुभव येथें सांगण्याजोगा आहे. एका शाळेंत मॅट्रिकच्या वर्गाचें गणित वाईट होतें. चालकांनीं एका वर्षांत तीन शिक्षक बदलले. जूनमधल्या शिक्षकाविरुद्ध दिवाळींत तक्रार झाली. दिवाळीनंतरच्यास संक्रांतीपर्यंत ठेविलें. तिसरा आला आणि परीक्षेंत मुलें बऱ्यापैकीं उतरलीं. त्याचा सत्कार झाला. तो सज्जन होता, आम्हांस बाजूस घेऊन म्हणाला, “गुरुजी, परीक्षा जवळ आली म्हणून पोरें अभ्यासाला लागलीं, मीं विशेष कांहीं केलें नाहीं.” पहिल्या शिक्षकानें जून ते ऑक्टोबर जी बैठक घालून दिली होती, तिचें नांव कोणींच काढलें नाहीं.

फुटबॉलमध्यें याचा हिशेबहि कोणीं मांडला आहे. हॉलंडमधील बास टेर वेल या अर्थशास्त्रज्ञानें तेथील पहिल्या श्रेणीच्या क्लबांचे अनेक वर्षांचे निकाल तपासून २०११ सालीं निबंध प्रसिद्ध केला. उतरती कळा लागल्यावर ज्यांनीं प्रशिक्षक काढला ते क्लब नंतर सुधारले, हें खरें. परंतु तशीच उतरती कळा लागूनहि ज्यांनीं काढला नाहीं, ते क्लबहि साधारण तितकेच सुधारले, असें त्यास आढळलें. तळाशीं गेलेल्या माणसास वरच यावयाचें असतें. त्या वेळीं शेजारीं जो उभा असेल त्याला श्रेय मिळतें. आमच्या घराण्यांत एक वैद्य होऊन गेले. ते आपल्या व्यवसायाविषयीं खाजगींत असेंच कांहींसें बोलत असत म्हणे.

मुंबई एफ. सी. मात्र तळाहून वर आलाच नाहीं. हंगामाच्या अखेरीस तो दहावा, म्हणजे शेवटचा राहिला.

आतां त्याच हंगामाची दुसरी बाजू पाहावी. मिझोराममधील आयझॉल एफ. सी. हा क्लब आदल्याच वर्षीं पहिल्या श्रेणींतून खालीं गेला होता. तेवढ्यांत साळगांवकर, स्पोर्टिंग व धेंपो हे गोव्याचे नामांकित क्लब स्पर्धेंतून बाहेर पडले, जागा रिकाम्या झाल्या, आणि आयझॉलला परत वर घेण्यांत आलें. या क्लबानें प्रशिक्षक म्हणून कोणास आणावें? मुंबईनें ज्यांस सोडलें त्या खालिद जमील यांसच. जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबईच्या मैदानांवर वाढलेले खेळाडूहि तेथें गेले. ३० एप्रिल २०१७ रोजीं शिलाँग येथें लाजाँगशीं १-१ अशी बरोबरी करून आयझॉलनें ३७ गुणांनिशीं आय-लीग जिंकली. ३६ गुणांचा मोहन बागान दुसरा. ईशान्येकडील राज्यांतून राष्ट्रीय विजेता झालेला हा पहिलाच क्लब. एका हंगामांत एक क्लब पाताळांतून स्वर्गास गेला, एक पृथ्वीवरून पाताळांत, आणि दोघांचा संबंध एकाच माणसाशीं! एखाद्या पुराणिकानें सांगितलें असतें तर ‘अतिशयोक्ति’ म्हणून आम्हीं सोडून दिलें असतें.

पुतण्यानें तो शेवटचा सामना आमच्या दिवाणखान्यांत पाहिला. जमील यांना खेळाडूंनीं उचललें तेव्हां तो आनंदला कीं चिडला हें आम्हांस आजहि सांगतां येणार नाहीं. “आपल्याकडे होते तेव्हां आम्हीच त्यांना कंटाळवाणे म्हणत होतों,” एवढेंच तो बोलला व पाणी प्यावयास आंत गेला.

येथें वाचक म्हणतील, मग गुरूवरच सर्व कांहीं आहे असेंच सिद्ध झालें. तसें नाहीं. हेच जमील २०२१ सालच्या जानेवारींत गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेड क्लबाचे हंगामी प्रशिक्षक झाले. संघ गळपटलेला होता. त्यांच्या हाताखालीं तो साखळींत पुढें एकहि सामना न हरतां उपांत्य फेरींत गेला. साहजिकच त्यांस कायम करण्यांत आलें. पुढील हंगामांत तोच क्लब, तेच प्रशिक्षक, आणि अकरा संघांत क्रमांक दहावा. मधल्या काळांत खेळाडू पुष्कळ बदलले होते. आमच्या नवी मुंबईच्या अंगणांत वाढलेल्या ‘मुंबई सिटी’ या दुसऱ्या क्लबाची कथाहि अशीच आहे. (नांवें जवळजवळ सारखीं असल्यामुळें घोटाळा होतो, हा क्लब २०१४ सालीं इंडियन सुपर लीगबरोबर जन्मला.) त्याचा पहिला घरचा सामना १८ ऑक्टोबर २०१४ रोजीं नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्यें झाला. पुण्याच्या संघास ५-० असें हरविलें, तेव्हां रबाळ्याच्या फलाटावर रात्रीं उशिरापर्यंत आरोळ्या चालल्या होत्या. पण हंगाम संपला तेव्हां आठांत सातवा क्रमांक. पीटर रीड गेले. दुसऱ्या वर्षीं निकोलास अनेल्का हे जगप्रसिद्ध खेळाडू प्रशिक्षकहि झाले, सहावा क्रमांक. २०१६ सालीं आलेक्सांद्र गिमारायस आले, आणि साखळींत पहिला क्रमांक! मग २०१७-१८ मध्यें तेच गिमारायस असतां सातवा. मग यश कोणाच्या पदरीं टाकावयाचें व अपयश कोणाच्या?

याच क्लबाला पुढें खरें वैभव मिळालें तें २०२०-२१ मध्यें सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखालीं. साखळींत अव्वल आणि १३ मार्च २०२१ रोजीं अंतिम सामन्यांतहि विजय. पण लोबेरा एकटे आले नव्हते. त्यांच्या गोव्याच्या संघांतले जाहू, फॉल, बूमू, मंदार राव देसाई हे चार खंदे खेळाडू त्यांच्याबरोबर आले, व त्यापूर्वीं २०१९ च्या नोव्हेंबरांत मँचेस्टर सिटीच्या मालकांनीं क्लबाचा मोठा हिस्सा विकत घेतला होता. नव्या गुरुजींबरोबर नवे विद्यार्थी, नवी इमारत व नवी देणगी आली असतां निकाल सुधारला, तर आश्चर्य कसलें? दुर्दैव हें कीं, साथीमुळें ते सर्व सामने गोव्यांत रिकाम्या मैदानांवर झाले, आणि सहा वर्षें हरतांना ज्यांनीं सोबत केली त्यांना जिंकतांना सज्जांत बसतां आलें नाहीं.

मग प्रशिक्षकाचें मोल कशांत? आमच्या मतें तें काळांत आहे. या देशांतील सर्वांत थोर फुटबॉल-प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे मूळचे शाळामास्तर, ही गोष्ट आम्हांस विशेष प्रिय आहे. ते १९५० पासून हैदराबाद पोलीस संघाचे गुरु. त्या संघानें १९५० ते १९५४ पर्यंत सलग पांच वेळां मुंबईचा रोव्हर्स करंडक नेला. भारतीय संघ त्यांच्या हातीं सुमारें बारा वर्षें होता. १९५१ च्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक, १९५६ च्या ऑलिंपिकमध्यें चौथें स्थान, आणि १९६२ सालीं जाकार्ता येथें पुन्हां सुवर्ण. त्या शेवटच्या स्पर्धेंत जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्यास जखम झाली होती. रहीम यांनीं त्यास बसविलें नाहीं. पुढच्या फळींत पाठविलें, आणि अंतिम सामन्यांतला एक गोल त्यानेंच केला. असा निर्णय नवा प्रशिक्षक घेऊं शकत नाहीं. तो घेण्यास त्या मुलाला अनेक वर्षें पाहिलेलें असावें लागतें. रहीम १९६३ सालीं कर्करोगानें वारले. तेव्हांपासून आशियाई सुवर्णपदक भारताकडे पुन्हां आलेलें नाहीं. गोव्याच्या धेंपो क्लबानें पांच राष्ट्रीय विजेतेपदें मिळविलीं तीहि आर्मांदो कुलासो या एकाच प्रशिक्षकाच्या दीर्घ कारकीर्दींत.

पण काळ देण्यास क्लब तर उरला पाहिजे! खरी मेख येथेंच आहे. मुंबई एफ. सी. तळाशीं गेला तेव्हां पुतण्या व त्याचे मित्र म्हणत होते, हरकत नाहीं, एक वर्ष खालीं खेळूं आणि पुन्हां वर येऊं. नव्या हंगामासाठीं नवा प्रशिक्षक कोण, याचीहि चर्चा सुरू झाली होती. क्लबच राहिला नाहीं. चालकांनीं तो गुंडाळला. दहा वर्षांचा संसार. ना उत्तरक्रिया ना श्राद्ध. प्रशिक्षकांस दुसरे क्लब मिळाले, खेळाडूंस मिळाले. कूपरेजच्या सज्जांतल्या मुलांना कोण बोलावणार? प्रशिक्षकास जावयास दुसरें गांव असतें, भक्तास नसतें. कित्येकांनीं त्या मुलांस सांगितलें कीं, दुसरा क्लब धरा. असें सांगणाऱ्यांनीं आपलें कुलदैवत एकदां बदलून पाहावें.

याच्या उलट कोल्हापुरांत जाऊन पाहावें. तेथें पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे फुटबॉल-संघ आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने असले म्हणजे पेठा ओस पडतात. कुस्तीच्या तालमींतून हा खेळ तेथें रुजला, म्हणून संघ पेठेचा असतो. एखाद्या वर्षीं संघ वाईट खेळला तर शिव्या खातो, पण कोणा एका धनिकाच्या हिशेबाच्या वहींत तोटा दिसला म्हणून तो नाहींसा होत नाहीं. तेथेंहि प्रशिक्षक बदलतात, तेथेंहि नव्याकडून आशा असतात. फरक एवढाच कीं, ती आशा फसली तर पुढील वर्षीं पुन्हां धरतां येते. तेथील हुल्लड आम्हांस मान्य नाहीं, हें ओघानें सांगून ठेवतों. परंतु २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारतातर्फें खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरच्याच मातींतला, हें विसरतां येत नाहीं.

तेव्हां आमच्या दुर्योधनाची चूक शल्यावर आशा ठेवण्यांत नव्हती. कोणावर तरी आशा ठेवल्यावांचून अठराव्या दिवशीं रणांगणावर जातांच येत नाहीं. चूक ही कीं, सेनापति कोण एवढाच प्रश्न त्यानें प्रत्येक वेळीं विचारला. पुतण्यास आम्हीं हें त्या वर्षीं सांगितलें नाहीं; ती वेळ नव्हती. पुढें त्यानें स्वतःच दुसरे प्रश्न विचारावयास आरंभ केला. कोठेंहि नवा प्रशिक्षक आला कीं तो आतां विचारतो: करार किती वर्षांचा? खेळाडू निवडण्याचा अधिकार कोणाचा? क्लबाच्या लहान मुलांचे संघ आहेत कीं फक्त नांवापुरते? मैदान स्वतःचें कीं भाड्याचें? हे प्रश्न विचारूनहि तो आशा सोडीत नाहीं, हें आम्हांस फार आवडतें.

१ ऑगस्ट २०२५ रोजीं खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हां तर घरांत दिवाळीच होती. २०१२ सालानंतर या जागीं प्रथमच भारतीय माणूस बसला होता. संघाची स्थिति बरी म्हणावी अशी नव्हती. जागतिक क्रमवारींत १३३ वें स्थान. आशियाई चषकाच्या पात्रता-सामन्यांत बांगलादेशाशीं बरोबरी व हाँगकाँगकडून हार. त्यांत इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम अनिश्चित काळ लांबणीवर पडलेला, म्हणजे बहुतेक खेळाडूंच्या पायांना स्पर्धेचा सराव नाहीं. पुतण्याचे सर्व प्रश्न येथें लागू होते व एकाचेंहि उत्तर समाधानकारक नव्हतें. तरी ऑगस्टच्या अखेरीस सुरू झालेल्या मध्य आशियाच्या स्पर्धेंत जमील यांच्या संघानें ताजिकिस्तानला त्याच्याच भूमींत २-१ असें हरविलें आणि क्रमवारींत पुष्कळ वर असलेल्या ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरें स्थान पटकावलें. घरांतल्या लहान मुलांनींहि ‘शल्य’, ‘कर्ण’ सोडून ‘जमील’ हें नांव पाठ केलें.

मग ९ ऑक्टोबरला सिंगापुरांत १-१, आणि १४ ऑक्टोबरला मडगांवच्या फातोर्डा मैदानावर त्याच सिंगापूरकडून १-२ अशी हार. पहिला गोल छांगटेनें केला होता. त्यानंतर आघाडी गेली ती गेलीच, आणि २०२७ च्या आशियाई चषकाचें दार बंद झालें. सामना संपला तेव्हां पुतण्याचा धाकटा चुलतभाऊ, कॉलेजांत जाणारा, ताडकन् म्हणाला, “बदला आतां ह्यांना!” पुतण्यानें त्याच्याकडे वळूनहि पाहिलें नाहीं. उठला, आणि ढाक्यास बांगलादेशाशीं होणाऱ्या सामन्याची तारीख त्यानें भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवली. चषकाच्या दृष्टीनें त्या सामन्यास आतां कांहीं अर्थ उरलेला नव्हता. १८ नोव्हेंबरचा तो सामना भारत ०-१ असा हरला; पुतण्या कामावरून परस्पर मित्राकडे जाऊन तो पाहून आला व जेवावयास उशिरा बसला.